खेळाच्या नावापलीकडचा शोध

पुणे, २२ जून २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कबड्डीपटूंच्या गुडघ्याच्या दुखापती हा विषय तू पीएच.डी.साठी घेतलास, याचा मला फार आनंद झाला. मात्र ‘महिनाभर शोधून हाती मोजकेच लेख लागले’ हे तुझे वाक्य मनाला लागले, म्हणून आजच लिहायला बसलो.

कबड्डीवरचे लेखन थोडे आहे हे खरे. परंतु तू केवळ खेळाच्या नावाने शोधतो आहेस, अडचण तिथे आहे. चढाईपटूचा पाय मॅटवर रोवलेला असताना धड वळते, तेव्हा गुडघ्याच्या अस्थिबंधावर येणारा ताण फुटबॉल आणि हँडबॉलच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे बारकाईने तपासला आहे. तेव्हा खेळ बाजूला ठेव आणि त्या हालचालीचा शोध घे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन शोधसंग्रहात ‘मेश’ ही प्रमाण शब्दांची सूची आहे. लेखकांनी एकाच दुखापतीला निरनिराळी नावे दिली असली, तरी त्या सूचीतल्या एका शब्दाखाली ते लेख एकत्र येतात. तो शब्द घे, समानार्थी शब्द ‘ऑर’ने (यांपैकी कोणताही) जोड आणि हालचालीच्या शब्दांचा गट ‘अँड’ने (दोन्ही हवेत).

आपल्या खेळांचे रोमन स्पेलिंग ही तर स्वतंत्र डोकेदुखी आहे. मल्लखांबावरील प्रबंधाच्या वेळी मी एकच स्पेलिंग धरून बसलो होतो, आणि एका ‘एल’च्या फरकाने कामाचे लेख कित्येक आठवडे माझ्या नजरेआड राहिले. तू सगळी रूपे टाकून पाहा.

प्रशिक्षण आणि जैवयांत्रिकी (शरीराच्या हालचालींचे यांत्रिक शास्त्र) यांसाठी स्पोर्टडिस्कस हा क्रीडाविषयक लेखांचा शोधसंग्रह पाहा. तो सशुल्क असल्याने ग्रंथपालांना विचार. पेड्रो हा शोधसंग्रह मात्र विनामूल्य आहे. तिथे भौतिकोपचारांच्या चाचण्यांना १०पैकी गुण दिलेले असतात, त्यामुळे दुखापत टाळण्याच्या व्यायामांवरील कोणत्या चाचणीवर किती विसंबावे, याचा अंदाज येतो. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा हा ऑनलाइन संग्रह आहेच. एखादा चांगला आढावा-लेख मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा आणि गूगल स्कॉलरवर त्याचा आधार पुढे कोणी घेतला तेही पाहा. मला सर्वांत मोलाचे लेख याच वाटेने मिळाले.

तुझे महाविद्यालय शासकीय असल्याने १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून सुमारे १३,००० नियतकालिके तुला वाचता यायला हवीत. तरीही लेख अडला, तर लेखकालाच नम्रपणे ई-मेल कर; बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात.

प्रत्येक शोधाची तारीख, शब्दजोडणी आणि मिळालेल्या लेखांची संख्या वहीत लिहीत जा. गणपतीत येशील तेव्हा ती वही आण, आपण दोघे मिळून पाहू.

तुझा,
अनिरुद्ध