बी.एड. नेमके कोणत्या इयत्तेसाठी, हे प्रवेश घेतानाच सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की सोलापूर जिल्ह्यात घरोघरी एकच सल्ला दिला जातो : बी.ए. कर, बी.एड. कर आणि मास्तर हो. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हायस्कूल असते. पण जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा पहिली ते चौथी-पाचवीच्या आहेत आणि त्या वर्गांवर नुसत्या बी.एड.वर नेमणूक मिळत नाही. हे पाच वर्षे शिकून झाल्यावर कळते, तेव्हा मुलीचे वय बावीस-तेवीस झालेले असते आणि घरचे पैसे संपलेले असतात. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक अध्यापक महाविद्यालयाने प्रवेश अर्जासोबत एक छापील पान द्यावे. या अभ्यासक्रमाने कोणत्या इयत्तांची पात्रता मिळते, पुढे कोणती परीक्षा द्यावी लागते आणि कॉलेजला किती जागांची मान्यता आहे, एवढेच त्यावर असावे.

गोंधळ का झाला, तेही सांगायला हवे. शिक्षणहक्क कायद्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, 23 ऑगस्ट 2010 रोजी किमान अर्हता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला 50 टक्के, दोन वर्षांचा डी.एल.एड. (जुने डी.एड.) आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीसाठी पदवी, सोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटी. मग 28 जून 2018 च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांनाही पहिली ते पाचवीचे दार उघडले. अट एवढीच, की नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करायचा. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केले. सहा-सात वर्षांच्या मुलाला अक्षरओळख आणि संख्याज्ञान शिकवणे हे वेगळे शास्त्र आहे आणि बी.एड.चा अभ्यासक्रम त्यासाठी बनवलेलाच नाही, हे न्यायालयाचे म्हणणे आम्हाला पूर्ण पटते. वाईट वाटते ते 2018 च्या आशेवर अजूनही प्रवेश घेणाऱ्यांचे.

ज्याला लहान मुलांना शिकवायचे आहे, त्याने बारावीनंतर थेट डी.एल.एड. करावे. दोन वर्षांत पहिली ते पाचवीची पात्रता येते. त्यानंतर पदवी घेतली, अगदी मुक्त विद्यापीठातून घेतली तरी, आठवीपर्यंतचा रस्ता मोकळा होतो. पुढे बी.एड. जोडले की नववी-दहावी. हा क्रम उलटा केला तर वर्षे वाढतात, पात्रता मात्र कमी मिळते. डी.एल.एड.ला 'जुना कोर्स' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. अकरावी-बारावीला शिकवायचे असेल तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात.

सहावी ते आठवीत आणखी एक चूक वारंवार होते. टीईटीच्या दुसऱ्या पेपरात 60 गुणांसाठी गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एक गट निवडायचा असतो. पदवी इतिहासाची आणि सोपा वाटला म्हणून गट गणित-विज्ञानाचा, असे केले की पेपर सुटतो पण पदवीशी मेळ बसत नाही. पदवीचे विषय, बी.एड.च्या अध्यापन पद्धती आणि टीईटीचा गट या तिन्ही गोष्टी एका रेषेत हव्यात. बी.एड.ला पद्धती निवडतानाच हे पाहावे, नंतर बदलता येत नाही.

टीईटी 150 प्रश्नांची, 150 गुणांची, वेळ अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तीर्ण व्हायला खुल्या गटाला 60 टक्के म्हणजे 90 गुण, राखीव गटांना 55 टक्के. पूर्वी प्रमाणपत्र सात वर्षे चालायचे, आता ते आयुष्यभर चालते. केंद्राची सीटीईटीही आपल्याकडे ग्राह्य आहे, पण तिथे भाषा म्हणून मराठी घेता आली तरी बाकीचे प्रश्न हिंदी-इंग्रजीतच असतात. मराठी माध्यमात शिकलेली मुले तिथे विषयात नाही, प्रश्नाच्या भाषेत अडखळतात.

टीईटी ही पात्रता झाली, नोकरी नव्हे. गुणवत्ता ठरते ती टेटवर, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर : संगणकावर, 200 प्रश्न, 120 मिनिटे, त्यात अभियोग्यता 120 गुणांची आणि बुद्धिमत्ता 80 गुणांची. एका प्रश्नाला 36 सेकंद. इथे ज्ञान कमी पडून मागे राहणारे थोडे, वेळ लावून सराव न केल्याने मागे राहणारे जास्त. नावांतल्या सारखेपणामुळे टीईटी आणि टेट एकच समजणारे उमेदवारही दरवर्षी भेटतात.

पुढे पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याचे शिक्षकभरतीचे संकेतस्थळ. तिथे स्वप्रमाणपत्र भरताना दहावी, बारावी आणि व्यावसायिक अर्हता कोणत्या माध्यमातून घेतली, हे विचारतात. आपल्या जिल्ह्यात याला फार महत्त्व आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. शहरात उर्दू, तेलुगू, कन्नड आहेत. घरी कन्नड बोलतो म्हणून कन्नड माध्यमाची पात्रता येत नाही, शिक्षण त्या माध्यमातून झालेले असावे लागते. टीईटीचा अर्ज भरतानाही माध्यम आणि पहिली भाषा विचारपूर्वक लिहावी. श्रेणी असलेल्या गुणपत्रिकेवर टक्के नसतील तर विद्यापीठाकडून रूपांतराचे पत्र आधीच घेऊन ठेवावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र सोबत ठेवावे. एकदा प्रमाणित केलेल्या माहितीत दुरुस्ती करायची तर शिक्षण विभागाच्या खेपा घालाव्या लागतात. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, प्राथमिकला महिना 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपये मानधनावर. घर चालवण्याचे गणित करताना हेही धरावे.

'हजर राहायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असे सांगणाऱ्या दलालांपासून पालकांनी सावध राहावे, मग कॉलेज राज्यातले असो की सीमेपलीकडचे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत छात्रसेवाकाल असतो. उपस्थिती तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या कामाला 90 टक्के लागते. हे न करता मिळालेला कागद पडताळणीत अडकतो, आणि अडकला नाही तरी असा शिक्षक वर्गात उभा राहिला की मुलांचे नुकसान होते. पैसे भरण्याआधी एनसीटीईच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता, दोन्ही तपासावे. एक असून दुसरी नसलेली कॉलेजे असतात.

शेवटची विनंती सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे. पाचपेक्षा कमी वर्षे उरलेल्यांची नोकरी राहील, पण पदोन्नती टीईटीशिवाय नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला बहुपर्यायी प्रश्नांची सवय उरलेली नसते, आणि बालमानसशास्त्राचे प्रश्न पाठांतरावर सुटत नाहीत. वेळापूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तालुक्याच्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी सराव वर्ग घ्यावेत : पाचवीपर्यंत शिकवणाऱ्यांसाठी पहिल्या पेपरचे, सहावी ते आठवीच्या विषयशिक्षकांसाठी दुसऱ्या पेपरचे. कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शिक्षकांसाठी ते त्यांच्याच भाषेत व्हावेत.

आपले,
दोन निवृत्त अध्यापकाचार्य, सोलापूर