चि. सोनूस, ऐरोलीहून

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

वापीला पोचल्याचं सूनबाईच्या फोनवरून कळलं. जेवताना मी हातमोज्यांचा विषय काढला आणि तू ताटावरून उठलास. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. आज तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

तुझं काम मला कळतं रे. एखाद्या रसायनाने मूल होण्यावर परिणाम होतो का, ते आधी उंदरांवर तपासायचं. शेजारच्या काकांनाही समजावलं. नर उंदराला दहा आठवडे रोज नळीने डोस द्यायचा, मगच मादीबरोबर सोडायचं. शुक्राणू तयार व्हायला पन्नासेक दिवस लागतात. घाई केली तर जुन्याच शुक्राणूंची परीक्षा होते. आणि शुक्राणू बरेच घटले तरी उंदराला पिल्लं होतात, म्हणून नुसती पिल्लं मोजून भागत नाही, वृषणांचं वजन करायचं, काप तपासायचे. काका थक्क झाले. माझी छाती फुगली.

पण माणसाजवळ उंदराएवढा राखीव साठा नसतो, हेही तूच सांगितलंस. उंदराला ते रसायन पातळ केलेलं मिळतं, तुझ्यासमोर मात्र निखळ पावडर. आणि वजन करताना तू एक हातमोजा काढतोस!

डीबीसीपी या शेतीतल्या कीडनाशकाचं आठव. 1961 मध्ये उंदरांची वृषणं आक्रसल्याचं छापून आलं. तरी 1977 मध्ये ते बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातले कामगारच आपापसात बोलले, की आपल्याला मुलं का होत नाहीत, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या.

आमच्या रबाळ्याच्या कंपनीत रिअॅक्टरवर, म्हणजे रसायनं बनवायच्या मोठ्या भांड्यावर, अण्णा होता, तुला खांद्यावर घेऊन फिरायचा. त्याला मूल झालं नाही. नवस, उपास, डॉक्टर, सगळं वहिनींच्या वाट्याला. अण्णाची तपासणी करावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिथल्या सॉल्व्हंटमुळेच, म्हणजे रसायनं विरघळवायच्या द्रवामुळेच, झालं असं मी म्हणत नाही, कारण कधी कळलंच नाही. पण त्या बाईने जन्मभर बोलणी खाल्ली. सूनबाई नुकती घरात आलीय, म्हणून जीव घाबरतो.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. तू शिकलेला आहेस, मी आयटीआयवाला. तुझ्यासारख्यांनी उंदरांत वेळेवर बघितलं आणि वरच्यांनी ऐकलं, तर पुढचा अण्णा वाचेल, एवढं मला नक्की कळतं.

वजनाच्या खोलीतला हवा ओढून घेणारा हूड नीट ओढत नाही म्हणाला होतास, तो दुरुस्त झाला का ते कळव. नसेल तर साहेबांना लेखी दे, तोंडी नको, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव.

तुझा,
बाबा