फोटो-ऑडिओच्या सुरक्षेला नवे अल्गोरिदम कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घ्यायला मी अनेक वर्षे जातो. केऑसवर (गणितातल्या ‘गोंधळ’ माजवणाऱ्या सूत्रांवर) आधारलेले इमेज एन्क्रिप्शनचे, म्हणजे फोटो किल्लीशिवाय बघता येणार नाही असा करण्याचे, ‘नवे’ तंत्र दरवर्षी कुठे ना कुठे भेटतेच. डावीकडे फोटो, उजवीकडे नुसत्या मुंग्या, हिस्टोग्राम (कुठल्या छटेचे किती पिक्सेल, याचा आलेख) सपाट, एनपीसीआर ९९.६ टक्के, म्हणजे पद्धत सुरक्षित! आता एनपीसीआर म्हणजे काय, तर मूळ फोटोतला एक पिक्सेल बदलल्यावर एन्क्रिप्ट झालेल्या फोटोतले किती पिक्सेल बदलतात, ते प्रमाण. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या, मुंग्यांनी भरलेल्या दोन आठ-बिटी चित्रांतही ते ९९.६ च्या आसपासच येते. त्यावरून किल्ली शोधून काढता येणार नाही हे कसे ठरते, असे विचारले की विद्यार्थी गाइडकडे बघतो.

मुलांना बोल लावत नाही. पेपर छापून आणला की गुण मिळतात, मग ती तरी काय करणार? पण एईएस (एन्क्रिप्शनचे सर्वत्र वापरले जाणारे तंत्र) २००१ साली प्रमाण झाले ते १५ प्रस्तावांची जगभरच्या तज्ज्ञांनी चारचौघांत चिरफाड केल्यानंतर, आणि आजही ते टिकून आहे. घोडे अडते ते वापरात. एईएस वापरण्याच्या ईसीबी नावाच्या पद्धतीत फाइलचे १६-१६ बाइटचे तुकडे वेगवेगळे एन्क्रिप्ट होतात आणि सारख्या तुकड्याचे उत्तरही सारखेच येते. त्यामुळे साध्या बिटमॅप चित्रातली एकरंगी पार्श्वभूमी एकरंगीच राहते आणि आकृतीची कड स्पष्ट दिसते. झूमच्या कॉलमध्ये २०२० साली हीच ईसीबी सापडली होती. पुढे कंपनीने जीसीएम ही सारख्या तुकड्यांचे उत्तर वेगवेगळे देणारी पद्धत आणली.

आवाजाची तऱ्हा आणखी निराळी. बोलण्यानुसार बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) बदलत असेल तर एन्क्रिप्शननंतरही पॅकेटची, म्हणजे कॉलचा डेटा ज्या तुकड्यांत जातो त्यांची, लांबी बोलत राहते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये नुसत्या लांबीवरून ठरावीक वाक्ये ओळखून दाखवली होती. उपाय साधा आहे: बिटरेट स्थिर ठेवा किंवा पॅकेटमध्ये फालतू डेटा भरून ते सारख्या लांबीचे करा. त्याने डेटा थोडा जास्त जातो, म्हणून टाळाटाळ होते.

आणि आपल्याकडे? जर्मनीच्या ग्रीनबोन कंपनीच्या पाहणीत भारतातल्या रुग्णांचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन इंटरनेटवर सताड उघडे आढळले. २०२० च्या बातम्यांत त्यात महाराष्ट्राचे नाव आघाडीवर होते. तिथे कोणाला एईएस फोडावे लागले नव्हते. सर्व्हरला साधा पासवर्डसुद्धा नव्हता.

तेव्हा विद्यापीठांना एक विनंती. नव्या अल्गोरिदमऐवजी जवळच्या रुग्णालयाची परवानगी घेऊन त्यांची स्कॅन साठवण्याची यंत्रणा तपासण्याचे प्रकल्प द्यावेत: टीएलएस (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाचे एन्क्रिप्शन) चालू आहे का, किल्ल्या कुठे ठेवल्या आहेत, बॅकअप एन्क्रिप्टेड आहे का. त्यालाही पेपरइतकेच गुण द्यावेत.

आपला,
एक प्राध्यापक, सांगली