डाव्या हातावरची चिकटपट्टी

साउथ जॉर्डन,
रविवार, रात्र

प्रिय चिनू,

फोन ठेवून दोन तास झाले. तू तिकडे फिलिपिन्समध्ये तुझ्या मॉर्मन चर्चच्या मिशनवर, धर्मप्रचारात; इथे आई देवघरापाशी बसली आहे, मी तुला लिहायला बसलोय. मराठीत लिहितोय, सावकाश वाच. आजीने तीन उन्हाळे तुझ्याकडून बाराखडी घोटून घेतली होती, ती अशाच वेळेसाठी.

बोलता बोलता तू कपाळावरचे केस मागे सारलेस आणि डाव्या मनगटाशी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दिसला. भोवती हिरवं-जांभळं. "ते काय रे?" विचारलं तर म्हणालास, "ओके रा को, बाबा." म्हणजे 'मी ठीक आहे'. तिथल्या सेबुआनो भाषेतले आम्हाला कळणारे तीनच शब्द, तेच नेमके पुढे केलेस. शेवटी शेजारी बसलेल्या तुझ्या त्या सोबत्याला, सामोअन मुलाला, राहवलं नाही. डेंगी. ऑर्मोकच्या दवाखान्यात चार दिवस सलाइन, प्लेटलेट 38 हजारांवर. मिशन प्रेसिडेंटच्या पत्नीला तू म्हणे सांगितलंस, "घरी मीच कळवतो."

आणि कळवलं नाहीस.

रागवायचं नाही असं आईला कबूल केलंय. तेव्हा फक्त एवढंच, की ताप आला तर लपवू नकोस.

चार दिवस तो मुलगा तुझ्या पलंगाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होता. तिथे रुग्णाजवळ घरचं कुणीतरी थांबावंच लागतं, त्याला 'बांताय' म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. दोघांनी एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही हा तुमचा नियम. मी त्याची केवढी टर उडवली होती ते तुला आठवत असेल. आज म्हणतो, बरं झालं तो नियम आहे. त्याच्या आईला माझा नमस्कार कळवायला सांग. पण सहा आठवड्यांनी ट्रान्सफर आली की सोबती बदलणार. पुढचा असा बोलका निघाला नाही तर? तू सांगणार नाहीस, तो सांगणार नाही, आणि आम्ही इथे रविवारी सात वाजता तुझं हसणं बघून खूश होणार.

मी वाचून काढलंय सगळं. डेंगीचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्या एकापासूनच कायमचं संरक्षण मिळतं, बाकी तिघांचं भय राहतंच; उलट दुसऱ्या वेळी तो जास्त बिघडू शकतो. तुझ्या मिशनचे 24 पैकी 13 महिने अजून जायचेत. तो डास दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त, म्हणजे नेमका तुम्ही रस्त्यावर असता तेव्हा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. ताप उतरला म्हणून सायकल काढायची नाही, कारण खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पोटात कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं की त्या क्षणी दवाखाना. घरमालकीण टावा-टावा या वनस्पतीचा काढा देते, तो तिच्या मायेखातर पी, पण रक्त तपासून घे. खोलीमागच्या त्या निळ्या पिंपावर झाकण आहे का? नसेल तर आजच घाल.

व्याख्यान झालं. माफ कर. गराजमधल्या त्या रात्रीही मी असाच सुटलो होतो. तुझ्या श्रद्धेविषयी तेव्हा जे बोललो, ते आता शंभरदा मागे घेतलं तरी बोललो ते बोललोच.

तुझी नेमणूक कळली ती संध्याकाळ आज सारखी डोळ्यांपुढे येतेय. दाराबाहेर बर्फ, आणि पायरीवर तीस-चाळीस बुटांचे जोड. आपल्या घरात बूट काढतात हे तू चर्चच्या सगळ्या वॉर्डाला, तिथल्या मंडळींना, शिकवून ठेवलं होतंस. तुमच्यात चहा चालत नाही म्हणून आईने कोकम सरबत केलं, बटाटेवडे तळता तळता तिचे हात भरून आले. तू लॅपटॉपवरून मोठ्याने वाचत गेलास, 'फिलिपिन्स टॅक्लोबान मिशन' म्हणालास आणि सगळे ओरडले. मी मात्र फोनवर टॅक्लोबान शोधत होतो. पहिलंच आलं ते 2013 च्या नोव्हेंबरमधलं हैयान वादळ. मी फोन खिशात ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला वाटलं होतं, भीती धरायची ती वाऱ्याची. डासाचा विचारही शिवला नाही.

तुझं मागचं पत्र मी फ्रिजवर लावलंय. त्या म्हातारीच्या छपराला झावळ्या बांधल्यास ते, आणि कुणाच्याही फाटकाशी गेलं की दार वाजवायचं नाही, "अयो!" अशी हाक द्यायची ते. भर उन्हात दहा घरांचा नकार ऐकून अकराव्या फाटकाशी पुन्हा तशीच हाक द्यायची, हे मला या वयातही जमलं नसतं, विसाव्या वर्षी तर नाहीच. ऑफिसमध्ये चौघांना वाचून दाखवलं. आपलं आडनाव तुझ्या शर्टावरच्या त्या काळ्या नावपट्टीवर 'एल्डर'च्या पुढे बघून अजून छातीत काहीतरी होतं. काय ते मला नीट सांगता येत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. 1999 च्या हिवाळ्यात मिनियापोलिसला मला कावीळ झाली होती. तीन आठवडे अंथरुणात होतो. त्यातच सांगलीला पत्र टाकलं: प्रकृती उत्तम, जेवणाची सोय छान. मागच्या वर्षी घर आवरताना आजीच्या ट्रंकेत ती सगळी पत्रं निघाली. त्या एका पत्राच्या पाठीवर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अक्षर हललंय. बरा नाही.' तिने मला कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. ती गेली तरी नाही सांगितलं.

म्हणून म्हणतो. तुझी पत्रं टाइप केलेली येतात रे, त्यांत अक्षर हलत नाही.

ताई उद्या पार्सल टाकतेय. थर्मामीटर, डासांचं मलम, दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट, आणि रव्याचे लाडू. ते त्या मुलालाही दे, आधी त्याला दे. या महिन्यातला पहिल्या रविवारचा उपास करू नकोस. आजाऱ्याला तुमच्यातही सूट असते, मी शेजारच्या बिशपना विचारून आलोय. आपल्या गणेश मंदिरात आईने मंगळवारी अभिषेक सांगितलाय, तेवढं चालवून घे.

आणि पुढच्या रविवारी फोन लागला की "ओके रा को" नंतर म्हण. आधी दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धर.

तुझा,
बाबा

ता. क. तापाला तिकडे 'हिलानात' म्हणतात, हे मी शोधून काढलंय. मराठीत सांगायला जड गेलं तर तेवढा एक शब्द पाठव.