वणवा कुंपण पाहून थांबत नाही: वस्तीच्या रक्षणासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

गेल्या उन्हाळ्यात डोंगराच्या वरच्या अंगाला वणवा लागला, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण अंगणात उभे राहून तिकडे बघत होते. आग लांब होती, म्हणून सगळे निर्धास्त होते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या एका घराच्या पन्हाळीतून धूर निघायला लागला. वाऱ्यावर उडून आलेला नखाएवढा निखारा पन्हाळीत साठलेल्या पाचोळ्यात पडला होता. शेजारच्या मुलीला तो धूर दिसला. तिने शिडी लावली, दोन बादल्या पाणी ओतलं आणि घर वाचलं. त्या घरातल्या आजी तेव्हा आत झोपलेल्या होत्या.

ती मुलगी त्या वेळी घरी नसती तर काय झालं असतं, हा विचार आमच्या मनातून जात नाही. त्यातूनच वस्तीतल्या काही जणांनी मिळून वणवा प्रतिबंधाची ही समिती सुरू केली. आता पुन्हा गवत वाळायला लागलं आहे आणि काम आमच्या चार हातांच्या पलीकडे गेलं आहे, म्हणून हे आवाहन.

वणव्यात घरं कशी पेटतात, याबद्दल आपल्या सगळ्यांचाच थोडा गैरसमज असतो. ज्वाळांची भिंत चालून येते आणि घर गिळते, असं चित्र डोळ्यांपुढे असतं. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडातल्या प्रयोगांत पेटत्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. १० मीटरवरच्या भिंतींनी काही वेळा पेट घेतला, २० मीटरवरच्या भिंती पेटल्या नाहीत. तरीही जंगलापासून बऱ्याच लांबची घरं जळतात, कारण ठिणग्या आणि निखारे आगीच्या कितीतरी पुढे उडत येतात. ते कौलांच्या फटीत, वळचणीला, भिंतीला टेकून रचलेल्या लाकडांत, पायपुसण्यावर पडतात आणि तिथे धुमसत राहतात. एक घर पेटलं की त्याची धग शेजारच्या घराला लागते, आणि मग जंगलाची आग वस्तीची आग होते.

म्हणून एकट्याने आपलं अंगण झाडून भागत नाही. तुम्ही पन्हाळ साफ केलीत, भिंतीलगतचं दीड मीटर मोकळं ठेवलंत, पण कुंपणापलीकडच्या बंद प्लॉटमध्ये कमरेएवढं गवत वाळत उभं असेल, तर तुमच्या मेहनतीवर पाणी पडतं. आपल्या वस्तीत असे बंद प्लॉट बरेच आहेत. मालक दुसरीकडे राहतात, काहींना तर आपल्या जागेत किती रान माजलंय याचा पत्ताही नाही. त्यांना दोष द्यायचा नाही. आम्हाला त्यांच्याकडून एवढंच हवं आहे: आत येऊन गवत कापायची लेखी परवानगी, आणि जमलं तर त्या कामाचा खर्च. तुमच्या ओळखीत असा कोणी मालक असेल तर कृपया हा मजकूर त्याच्यापर्यंत पोचवा. खरं सांगायचं तर पैशाआधी आम्हाला या परवानग्या हव्या आहेत.

काम काय आहे, तेही सांगतो. वस्ती आणि जंगल यांच्यामधल्या पट्ट्यात जाळरेषा काढायची आहे. म्हणजे गवत, झुडपं, पाचोळा काढून माती उघडी करायची, म्हणजे जमिनीवरून सरकत येणाऱ्या आगीला पुढे खायला काही उरत नाही. ठिणग्या ती रेषा ओलांडू शकतात, म्हणून घरांभोवतीची सफाई तितकीच महत्त्वाची. जिथे घरं उताराच्या वर आहेत, तिथे पट्टा जास्त रुंद लागेल. चढावर आग भराभर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अग्निशमन करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. आपल्या वरच्या आळीने हे खास लक्षात घ्यावं.

काही जणांनी काळजीने विचारलं, की साफसफाईच्या नावाखाली झाडं तोडणार का? नाही. मोठी झाडं जागेवर राहतील; त्यांच्या सावलीने जमिनीतला ओलावा टिकतो. झाडाखालची झुडपं आणि खाली लोंबणाऱ्या सुक्या फांद्या मात्र काढाव्या लागतील, कारण त्यांचीच शिडी करून जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढते. पक्ष्यांची घरटी असलेली झुडपं आम्ही खूण करून वगळू. आणि कापलेला पालापाचोळा कोणीही, अगदी कोपऱ्यातसुद्धा, पेटवायचा नाही. तो खड्ड्यात कुजवायचा. कचरा जाळताना हाताबाहेर गेलेल्या आगीतूनही वणवे लागतात.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे माणसं. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज या जंगलाकाठच्या गावात वणवा शिरला. त्या वणव्यात ८५ माणसं गेली, त्यांत बहुतेक वयस्कर होती. त्याच वर्षी जुलैत ग्रीसमधल्या माती या किनाऱ्यावरच्या वस्तीत शंभराहून जास्त जीव गेले. अरुंद रस्ते आणि पुढे वाट नसलेल्या गल्ल्यांत लोक अडकले. पोर्तुगालने २०१७च्या भीषण वणव्यांनंतर गावोगावी एक काम सुरू केलं, ते आम्हाला फार मोलाचं वाटतं: प्रत्येक गावात एक जबाबदार माणूस नेमायचा, जमायची सुरक्षित जागा ठरवायची आणि बाहेर पडायचा सराव करायचा.

आपल्यालाही तेच करायचं आहे. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, चालायला त्रास होणारे असे आपल्यात कोण कोण आहेत, याची यादी आम्ही आळीवार करतो आहोत. प्रत्येकाच्या नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावं हवीत. दोन अशासाठी, की एक जण बाहेर गेलेला असू शकतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी किती माणसं नेता येतील ते कळवावं. आणि कृपा करून रस्त्याच्या तोंडाशी गाड्या लावू नका, अग्निशमन दलाचा बंब तिथून वळला पाहिजे.

आता मदतीबद्दल. दंताळी, कोयते, फावडी, जाड हातमोजे, आग झोडपायला लांब दांड्याच्या रबरी पट्ट्या, पाठीवरचे फवारा पंप आणि पाचोळा उडवणारा निदान एक ब्लोअर, एवढं हवं आहे. घरात पडून असलेलं, थोडी दुरुस्ती लागणारं असलं तरी चालेल. वरच्या टोकाला पाण्याची एक टाकी बसवायची आहे, सगळ्यात मोठा खर्च तिचाच. रोख देणाऱ्यांना पावती मिळेल, आणि जमाखर्चाचा कागद महिन्याच्या महिन्याला सूचनाफलकावर लागेल. कोणी किती दिले, हे मात्र आम्ही फलकावर लावणार नाही. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं, ज्याला पैसे जमत नसतील त्याने दोन तास द्यावेत. अंगमेहनत होत नसेल तर फोन करायला, यादी ठेवायला, काम करणाऱ्यांना पाणी द्यायलाही माणसं लागतात.

एक कळकळीची विनंती तरुण मुलांना. पेटलेला वणवा विझवायला आपल्या मनाने धावू नका. वारा फिरला की आग क्षणात घेरते. आपलं काम आग लागण्याआधीचं आहे. धूर दिसला की वन विभागाला आणि अग्निशमन दलाला कळवायचं, शेजाऱ्यांना उठवायचं आणि ठरलेल्या जागी जमायचं.

पहिलं श्रमदान येत्या रविवारी, ऊन चढायच्या आत सुरू करू. सुती कपडे घाला, पूर्ण बाह्यांचे. पायात बूट हवेत. पिण्याचं पाणी सोबत आणा. सुरुवात त्या आजींच्या घराच्या मागच्या बाजूने करायची आहे. पन्हाळीसाठी शिडी लागेल, ती कोणाकडे असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत समितीतल्या कोणालाही सांगा.

आपले,
वणवा प्रतिबंध समितीचे सर्व सदस्य