डीपीएफचा दिवा आणि माझे नऊ दिवस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी डिझेल गाडीच्या डीपीएफवर, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरवर, चांगलंच तोंडसुख घेतलं आहे. वर्षात चार वेळा पिवळा दिवा लागला, म्हणून 'तो फिल्टर आतून पोकळ करून घ्या, कटकट मिटेल' असा सल्लाही त्यांनी सगळ्यांना दिला आहे. त्यांचा वैताग मला कळतो, कारण मी त्याच दिव्यापायी रस्त्यात अडकले होते. सल्ला मात्र पटला नाही. त्याचं एक कारण माझ्या कामात आहे, ते पुढे सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम देते. सकाळी आठला निघायचं, दोन किलोमीटरवर पहिलं घर, तिथे पाऊण तास. मग तीन किलोमीटरवर दुसरं. दिवसाला सहा-सात घरं होतात, पण गाडी एका दमात पाच किलोमीटरही धावत नाही. इंजिन जरा कोमट झालं की मी ते बंद करते. अशा वापराला डिझेल गाडी घेणं हा माझा पहिला मूर्खपणा. पण खरेदीच्या वेळी मला रंग विचारला, सीट कव्हर विचारलं, 'एका फेरीत किती चालवता?' हे कोणी विचारलं नाही.

मग एके दिवशी दिवा लागला. त्यावर चित्र असं: एक पेटी, दोन्ही बाजूंना नळी, पेटीत ठिपके. गाडी तर नीट चालत होती, म्हणून नऊ दिवस मी त्याच्याकडे काणाडोळा केला. मधेच एकदा पेशंटचा नातू मला म्हणाला, "काकू, गाडी बंद केली तरी पंखा फिरतोय." मी म्हटलं, एसीचा असेल. उभ्या गाडीत इंजिन नेहमीपेक्षा किंचित जोरात गुरगुरत होतं, तेही मी उन्हाच्या नावावर खपवलं. नवव्या दिवशी इंजिनचा दुसरा दिवा लागला आणि चढावर गाडीने जीवच टाकला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी पिकअप नाही. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी बैलगाडीच्या वेगाने वर चढत होते.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड उडवला. दिवा गेला. तीन दिवसांनी परत आला. थर्मामीटर झटकल्याने ताप उतरत नाही हे मी पेशंटना सांगते, गाडीच्या बाबतीत मला ते सुचलं नव्हतं. दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्कर मेकॅनिकने स्कॅनर नंतर लावला, आधी विचारलं, "ताई, रोज कुठे कुठे जाता?" मी सांगितलं तसा तो हसला आणि त्याने ऑइलची पट्टी ओढून वास घ्यायला दिली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर होती आणि वास डिझेलचा येत होता.

त्याने जे समजावलं ते मला गाडीसोबत आलेल्या जाडजूड पुस्तकातून कळलं नव्हतं. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. त्यातल्या नळ्या आलटून पालटून बुजवलेल्या असतात. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी आत अडकते. ती साठली की जाळावी लागते. लांबच्या रस्त्यावर, धूर पुरेसा तापलेला असताना, ती आपोआप थोडी थोडी जळत राहते. ते जमलं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः हे काम हाती घेतो: सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतो, ते धुराच्या वाटेतल्या कॅटॅलिस्ट नावाच्या भागात जळतं आणि फिल्टर साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. यालाच रिजनरेशन म्हणतात. त्याला दहा-वीस मिनिटं सलग हवीत. माझी फेरी सात मिनिटांत संपायची. म्हणजे काम सुरू झालं की मी चावी फिरवायचे, पुढच्या फेरीत ते पुन्हा पहिल्यापासून. तो पंखा, ती गुरगुर, सगळं त्याचंच. आणि दर वेळी सोडलेल्या जादा डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बो खातं, म्हणून माझा मेकॅनिक फिल्टरपेक्षा त्या पट्टीलाच जास्त घाबरला.

काजळी किती साठली हे गाडीला फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातल्या फरकावरून कळतं. त्यासाठी एक छोटा सेन्सर आणि दोन बारीक नळ्या असतात. कधी कधी फिल्टर ठणठणीत असतो आणि त्यातली एखादी नळी चिरलेली किंवा तुंबलेली असते. त्या गृहस्थांनी हे कधी तपासून घेतलं का, पत्रात काही दिसलं नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन तापेनासं झालं, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह बिघडला, किंवा टाकीत डिझेल अगदी तळाला गेलं, तरी बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत.

आता कामाचं. पिवळा दिवा एकटाच, स्थिर लागला असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर गाडी काढा. साधारण ताशी ६० च्या वर, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) २००० च्या आसपास किंवा थोडं पुढे, पंधरा-वीस मिनिटं सलग. वरच्या गिअरमध्ये रेंगाळू नका, एक गिअर खाली ठेवा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो आपल्या मॅन्युअलमध्ये बघा. दिवा विझेपर्यंत गाडी बंद करू नका, आणि थांबलातच तर वाळक्या गवतावर उभी करू नका, खालची नळी भयंकर तापलेली असते. दिवा लुकलुकत असेल, सोबत इंजिनचा दिवा असेल, किंवा गाडीची ताकद गेली असेल, तर हा उपाय करायची वेळ टळलेली आहे. अशा वेळी गाडी दामटायची नाही. गॅरेजमध्ये स्कॅनरने उभ्या गाडीत रिजनरेशन करवून घेतात. माझ्या गाडीचं ते मोकळ्या आवारात अर्धा तास चाललं, आणि लगेच ऑइल बदललं. ऑइलही कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. काजळी जळते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच राहते आणि शेवटी तो काढून धुवावा किंवा बदलावा लागतो. आणि हो, काही डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची टाकी असते, तिचा दिवा वेगळा. ते द्रावण धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी असतं, कितीही भरलं तरी काजळीचा दिवा विझत नाही. मी भरून पाहिलंय.

त्या पत्रात डीपीएफला 'नव्या नियमांचं खूळ' म्हटलं आहे. पूजोने २००० साली ६०७ या मोटारीत तो बसवला होता, तेव्हा खूळ पंचवीसेक वर्षांचं झालं. युरोपच्या युरो-४ या प्रदूषण मानकात डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम धुरातले कण सोडायची मुभा होती, युरो-५ मध्ये ती ५ वर आली. एवढी घट साधायची तर फिल्टर लावण्यावाचून मार्ग नव्हता.

आता माझ्या कामातलं कारण. माझे निम्मे पेशंट गुडघ्या-कमरेचे, पण काही छातीचे आहेत. त्यांच्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करायचा, ओठ चंबू करून श्वास सोडायला शिकवायचं. त्यातल्या एक आजी खिडकीत बसतात, कारण आतल्या खोलीत त्यांना कोंडल्यासारखं होतं. खिडकी रस्त्यावर आहे. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पोकळ केलेल्या फिल्टरची गाडी माझा वेळ वाचवेल, पण मग त्या खिडकीखाली ती कोणत्या तोंडाने उभी करू?

गाड्या बनवणाऱ्यांबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. पेटीतल्या ठिपक्यांऐवजी 'वीस मिनिटं सलग चालवा, बंद करू नका' एवढं वाक्य पडद्यावर आलं असतं तर माझे नऊ दिवस वाचले असते. काही मॉडेलमध्ये ते येतं असं ऐकते. सगळ्यांत का नाही?

मी आता दर रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी पळवून आणते. कुठेही जायचं नसताना डिझेल जाळायचं, म्हणजे हाही उफराटा कारभारच. त्या गृहस्थांनी पत्रात आपली गाडी एका दमात किती चालते हे लिहिलेलं नाही. माझ्यासारखी चार-पाच किलोमीटरच चालत असेल, तर फिल्टर कापण्याआधी त्यांनी गाडी बदलण्याचा विचार करावा. माझी पुढची गाडी पेट्रोलची असेल.

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)