‘कॅबिनेट’ अमेरिकेच्या घटनेत शोधू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साताऱ्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या ज्या झेरॉक्स नोट्स हातोहात फिरतात, त्यांत अमेरिकेबद्दल साधारण अशा अर्थाची ओळ भेटते: घटनेने राष्ट्राध्यक्ष, त्याचे कॅबिनेट आणि दोन कार्यकाळांची मर्यादा ठरवून दिली. यातला राष्ट्राध्यक्ष तेवढा खरा. बाकीच्या दोन गोष्टी १७८७च्या मसुद्यात नाहीत. त्या जॉर्ज वॉशिंग्टन यांनी काम करता करता पाडलेल्या प्रथा आहेत, आणि घटनेतले कलम व प्रथा यांतला फरक न कळता हा विषय पाठ करण्यात अर्थ नाही.

घटनेत आहे ते इतकेच: प्रत्येक खात्याच्या प्रमुखाकडून त्याच्या कामाबद्दल राष्ट्राध्यक्ष लेखी मत मागवू शकतो. सगळ्यांनी एकत्र बसावे, चर्चा करावी, असे कुठेही म्हटलेले नाही. खातीसुद्धा काँग्रेसने (तिथल्या संसदेने) नंतर कायदे करून काढली. १७८९च्या २७ जुलैला परराष्ट्र (सप्टेंबरात त्याचेच ‘स्टेट’ झाले), ७ ऑगस्टला युद्ध, २ सप्टेंबरला अर्थ. ॲटर्नी जनरल (सरकारचा मुख्य वकील) हे पद २४ सप्टेंबरच्या न्यायव्यवस्थेच्या कायद्याने आले, पण त्याला खातेच नव्हते. परराष्ट्र आणि अर्थ या खात्यांच्या सचिवांना वर्षाला ३,५०० डॉलर, तर याला १,५००. त्यामुळे सरकारचे काम सांभाळून तो खासगी वकिलीही करी.

सल्ल्यासाठी वॉशिंग्टन यांची पहिली नजर सचिवांवर नव्हती, काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहावर, सिनेटवर, होती. तह ‘सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने’ करावेत असे घटनेत आहे, म्हणून ते शब्दशः सल्ला घ्यायला गेले. २२ ऑगस्ट १७८९, शनिवार, न्यूयॉर्क. दक्षिणेकडील मूलनिवासी जमातींशी करायच्या वाटाघाटींचे कागद घेऊन, सोबत युद्धसचिव हेन्री नॉक्स यांना आणून, ते सभागृहात बसले. उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स कागद वाचू लागले, तर बाहेर रस्त्यावर घोडागाड्यांचा खडखडाट. कुणालाच नीट ऐकू येईना. दारवानाला खुणा करून खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. पुढ्यात सात प्रश्न होते आणि प्रत्येकावर तिथल्या तिथे होय किंवा नाही सांगायचे होते. सदस्य कचरले. हे समितीकडे द्यावे, असा प्रस्ताव आला. वॉशिंग्टन उसळून उठले, म्हणाले की मग मी इथे आलो कशाला? पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांच्या रोजनिशीत हे सगळे आहे. सोमवारी वॉशिंग्टन पुन्हा आले, काम उरकले, आणि त्यानंतर अशा सल्ल्यासाठी सिनेटची पायरी चढले नाहीत. तेव्हापासून तह आधी करायचा आणि मग मंजुरीला पाठवायचा, ही रीत पडली. ‘संमती’ राहिली, ‘सल्ला’ गळाला.

मग उरले सचिव. त्यांच्याकडून आधी लेखी मते, कधी एकेकाशी बोलणे. सगळ्यांची एकत्र बैठक झाली २६ नोव्हेंबर १७९१ला, म्हणजे शपथविधीनंतर अडीच वर्षांनी. फ्रान्स आणि ब्रिटन यांचे युद्ध पेटल्यावर, १७९३मध्ये, बैठका वारंवार होऊ लागल्या. वॉशिंग्टन यांच्या वेळी रोजचे काम कसे चाले हे त्यांचे परराष्ट्रसचिव जेफरसन यांनी १८०१मध्ये, स्वतः राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, आपल्या सचिवांना लिहून कळवले होते, आणि आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयातल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल. खात्याकडे आलेले टपाल सचिवाने राष्ट्राध्यक्षांकडे पाठवायचे. उत्तर लागणार असेल तर मसुदा जोडूनच. बहुतेक कागद शेऱ्याविना परत येत, म्हणजे मसुदा मान्य. क्वचित एखादी दुरुस्ती किंवा शंका लिहिलेली असे, आणि मोठी अडचण असेल तर समक्ष बोलणे. काम चार जणांकडे वाटलेले, पण चालू कामाचा एकही कागद एका माणसाच्या नजरेतून सुटत नसे.

साताऱ्याच्या वाचकाला इथे अष्टप्रधान आठवणारच. शिवाजी महाराजांनी प्रधानपद वंशपरंपरेने दिले नव्हते. पुढे शाहू महाराजांच्या काळात बाळाजी विश्वनाथांनंतर १७२०मध्ये पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना मिळाली आणि ते पद त्या घराण्यात कायम झाले. गादी साताऱ्यात, कारभार पुण्यात. पद देणाऱ्याच्या हातात ते काढून घेणेही उरते का, ही त्यातली खरी मेख. अमेरिकेत हा वाद पहिल्याच वर्षी झाला: सिनेटच्या संमतीने नेमलेल्या सचिवाला राष्ट्राध्यक्ष एकट्याने काढू शकतो का? सिनेटमध्ये मते समसमान पडली, ॲडम्स यांनी निर्णायक मत दिले आणि तो अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे राहिला. (आपल्या संविधानातही ‘मंत्रिपरिषद’ पहिल्यापासून आहे, ‘कॅबिनेट’ अनुच्छेद ३५२मध्ये आले ते १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने.)

राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकाराचे (विधेयक सही न करता परत पाठवण्याचे) उदाहरण नोट्समध्ये द्यायचेच तर पहिले द्यावे, ५ एप्रिल १७९२चे. प्रतिनिधिगृहाच्या जागावाटपाच्या विधेयकात १२० जागा होत्या, आणि आठ राज्यांना तीस हजारांमागे एकाहून जास्त प्रतिनिधी मिळत होते. घटनेला ते चालत नाही. जेफरसन आणि ॲटर्नी जनरल रँडॉल्फ परत पाठवा म्हणाले, अर्थसचिव हॅमिल्टन आणि नॉक्स सही करा म्हणाले. चौघांची मते लेखी घेऊन वॉशिंग्टन यांनी ते परत पाठवले. नवा हिशेब ३३ हजारांमागे एक असा झाला, जागा १०५. आठ वर्षांत हा अधिकार त्यांनी दोनदाच वापरला.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना दार उघडले नाही. फ्रान्स-ब्रिटन युद्धातल्या अमेरिकेच्या तटस्थतेबद्दल १७९३मध्ये २९ प्रश्न पाठवले, न्यायमूर्तींनी सल्ला द्यायला नकार दिला. आपल्याकडे राष्ट्रपती अनुच्छेद १४३खाली असे मत मागवू शकतात, हा फरक परीक्षेत विचारण्याजोगा आहे.

राहिली दोन कार्यकाळांची गोष्ट. ती प्रथा फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९४०मध्ये मोडली, म्हणून १९५१मध्ये २२वी दुरुस्ती आली. आपल्या अनुच्छेद ५७मध्ये अशी मर्यादा आजही नाही, तरी राजेंद्रप्रसादांनंतर कोणी दुसऱ्यांदा राष्ट्रपती झालेले नाही. आणि नोट्समध्ये जिथे वॉशिंग्टन यांचे ‘निरोपाचे भाषण’ असे असेल तिथे ‘निवेदन’ करावे. ते त्यांनी कुठे वाचून दाखवले नाही, सप्टेंबर १७९६मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात छापून दिले.

– राज्यशास्त्र शिकवणारे काही शिक्षक, सातारा